बाहुल्यांची बोली

पुण्यात नांदायला आल्यावर हेमलता देवरेने आपली जीभ ज्या झपाट्याने धुऊन काढली, त्या झपाट्याने कुणी ओटाही धूत नाही. धुळ्याकडच्या सोनपाड्याहून ती आली तेव्हा तिच्या तोंडात अहिराणी होती. ती तोंडाबाहेर पडली की सोसायटीतल्या बायका हसून म्हणायच्या, पुन्हा म्हणा ना, काय गोड वाटतं. हेमलताने तो गोडवा दोनदा चाखला आणि तिसऱ्यांदा ताट सरकवलं. वर्षभरात 'शाये'ची शाळा झाली, 'डोयां'चे डोळे झाले, आणि डोळ्यांच्याच एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करायच्या आणि पुढे डॉक्टरांकडे पाठवायचं, हे तिचं काम. पेशंट तिला जन्माची पुणेकर समजायचे. हा समज तिने कधी दुरुस्त केला नाही. फायद्याच्या चुका दुरुस्त करण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

या सगळ्या सौद्यात मुलगी मात्र तिच्या हिशेबात नव्हती.

मिताली रंगाने, नाकाने, आवाजाच्या ठेवणीने थेट सोनपाड्याची निघाली. घरात अहिराणीचा शब्द नव्हता, पण आवाज कुठून तरी उतरलाच. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला दरवर्षी मोलकरणीचं काम मिळे. बाई कौतुकाने म्हणत, तुझ्यात तो ठसका आहे. मालिकांतही खानदेशी माणूस एकतर पाणी घेऊन येई नाहीतर पाय घसरून पडे, आणि तो पडला की घराघरांत हशा होई. मितालीने त्यातून स्वतःबद्दल जे शिकायचं ते शिकून घेतलं. एकोणिसाव्या वर्षी तिने आधी आपले सगळे फोटो पुसले, मग कॉलेजला जाणं बंद केलं, मग जेवण निम्म्यावर आणलं. वडील किशोरराव विजेच्या कामांची कंत्राटं घेत. घरातली कुठलीही तार तुटली की ती जोडता येते, असा त्यांचा ठाम विश्वास होता. ते म्हणत, होईल हळूहळू. हळूहळू तिचं वजन उतरत होतं.

अशा वेळी दवाखान्यातल्या डॉ. गुप्त्यांनी हेमलताला 'स्वरूप'बद्दल सांगितलं. औषध सांगावं तसंच सांगितलं.

त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. पडद्यावर आपल्यासारखं माणूस दिसलं, की कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग जागा होतो. गर्दीत कुणी आपलं नाव घेतलं की जागा होतो, तोच हा भाग. त्याच क्षणी डोळ्याची बाहुली केसभर मोठी होते. उजेड तोच, अंतर तेच, तरी मोठी होते. संशोधकांनी या थरथरीला 'ओळखकंप' म्हटलं. मग त्यांना एक वाईट गोष्ट सापडली. ज्या मुलांना लहानपणापासून पडद्यावर आपलं माणूस धडपणे दिसलेलं नसतं, त्यांच्यातल्या काहींना स्वतःच्या फोटोसमोरही हा कंप येत नाही. त्यांच्या मेंदूच्या लेखी आरशातलं माणूस कुणीतरी तिऱ्हाईतच असतं.

'स्वरूप' हा त्यावरचा उतारा. गोष्टीचा फक्त सांगाडा कंपनीकडून यायचा. प्रेम, भांडण, कोर्टकचेरी, खून, जे काय असेल ते. त्यावर मांस चढायचं ते तुमच्या घरात, तुमच्या एकट्याच्या पडद्यावर. चेहरे तुमच्या वळणाचे, स्वयंपाकघर तुमच्या माणसांचं, बोली तुमची. पडद्याच्या कडेला बसवलेला बारीक कॅमेरा तुमच्या बाहुल्या बघत राहायचा. बाहुली हलली की यंत्र तो धागा धरून ठेवी, नाही हलली की सोडून देई. महिन्याभरात पडदा तुम्हाला तुमच्या आईपेक्षा जास्त ओळखू लागे. जाहिरातीतही असंच म्हटलं होतं, आणि त्यात धमकी आहे असं कुणालाच वाटलं नाही.

औषध लागू पडलं, हे मान्य करायला हवं. पहिल्या आठवड्यात मिताली नुसती बघत राहिली. पडद्यावर तिच्याच रंगाची, तिच्याच नाकाची एक वकील मुलगी होती. ती न्यायाधीशासमोर अस्सल खानदेशी हेल काढून बोलत होती आणि कोर्टात कुणी हसत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मितालीने कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी मागितली. हेमलताने ती करून वीस वर्षं झाली असतील. पीठ शोधायला ती तीन दुकानं फिरली, आणि भाकरी थापताना तिचे डोळे भरून आले. मुलगी भरल्या ताटावर बसली होती. केस विंचरले होते. काही दिवसांनी कॉलेजचा गणवेशही कपाटातून बाहेर आला.

मग एका संध्याकाळी मितालीने विचारलं, आपण अहिराणी का बोलत नाही घरात.

हेमलताला वाटलं, टाकून दिलेलं परत घेता येतंय. इतक्या वर्षांनी तिने घरात जीभ सैल सोडली आणि लाजत लाजत म्हणाली, "भाजी तिखट से का वं?"

मिताली हसली. ते हसणं वाईट नव्हतं, पण मोठ्या माणसाने लहानाला हसावं तसं होतं. "'से' नाही म्हणत, मम्मी. 'शे' म्हणतात. आणि तू ना, शेवट खाली पाडतेस. तो असा वर जातो." तिने वर नेऊन दाखवला.

सोनपाड्यात 'से'च म्हणत. नदीपलीकडच्या गावांत 'शे' म्हणत, आणि अलीकडचे पलीकडच्यांना त्यावरून चिडवत. पण तो वर जाणारा हेल ना अलीकडचा होता ना पलीकडचा. तो कुठलाच नव्हता. हेमलता भाजी वाढत राहिली. पुढच्या महिनाभरात मितालीने तिच्या अहिराणीतल्या इतक्या चुका काढल्या, की हेमलता पुन्हा पुणेरी मराठीत परतली. मिताली तिला मम्मीच म्हणत होती. 'माय' हा शब्द तिने पडद्यावरच्या बाईसाठी राखून ठेवला होता. ती बाई हेमलताच्याच चेहऱ्याची होती, फक्त जरा भरलेली, नोकरी नसलेली आणि कधी न दमणारी.

कंपनीकडून शर्वरी नावाची एक मुलगी अधूनमधून दवाखान्यात यायची. बाहुल्यांच्या मोजमापासाठी डॉक्टरांचा आणि कंपनीचा काही करार होता. हेमलताने चहा देता देता तिला विचारलं, यंत्राला अहिराणी शिकवतं कोण.

शर्वरीने मोकळेपणाने सांगितलं, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. मोठ्या भाषांचं ध्वनिमुद्रण भरपूर असतं, लहान बोलींचं नसतं. म्हणून यंत्र थोडक्यावरून सुरुवात करतं, उरलेलं अंदाजाने भरतं, आणि बघणाऱ्यांच्या बाहुल्या बघून सुधारत जातं. अहिराणीसाठी खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका पडद्यासमोर बसवल्या होत्या, पण त्यांचा काही उपयोग झाला नाही. अस्सल अहिराणी ऐकवली तरी त्यांच्या बाहुल्या ढिम्म. रोजचंच बोलणं ते, त्यात थरथरायचं काय. उलट पुण्या-मुंबईतल्या, बोली न येणाऱ्या पोरांच्या बाहुल्या भराभर मोठ्या व्हायच्या. कुठल्याशा मालिकेत ऐकलेला हेल, कुठल्या रीलमधला 'शे', असलं काही आलं की कंप यायचाच. यंत्राने त्यावरून जे शिकायचं ते शिकून घेतलं.

"म्हणजे ज्यांना येत नाही, त्यांनी शिकवली," हेमलता म्हणाली.

"ज्यांना हवी होती, त्यांनी," शर्वरी म्हणाली, आणि तिचंही काही खोटं नव्हतं.

हेमलता डोळ्यांच्या धंद्यातली होती. बाहुलीच मोठी करायची ना, ती तर ती रोज करते, असा तिने विचार केला. एका सुट्टीच्या दुपारी मिताली कॉलेजात असताना तिने दवाखान्यातले थेंब स्वतःच्या डोळ्यांत टाकले, मितालीच्या पडद्यासमोर बसली आणि यंत्राच्या कानावर पडावी म्हणून सोनपाड्याची अहिराणी मोठमोठ्याने बोलू लागली. पडद्यावरचं कुणी चुकून 'से' म्हणालंच, तर आपली बटबटीत बाहुली बघून यंत्र तोच धागा धरेल असा तिचा हिशेब. यंत्र धागा धरतं ते बाहुली बदलते तेव्हा, आणि तिची बाहुली औषधाने ताणून जागच्या जागी बसलेली, हे तिच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने पडद्यावर पाटी आली, आपल्या डोळ्यांवर उपचार चालू असावेत, बरे झाल्यावर या. हेमलताला ती वाचताही आली नाही. समोरचं सगळं पांढरं झालं होतं. ती पाटी मितालीने घरी आल्यावर वाचली, आणि यंत्राने नोंदवून ठेवलेलं आईचं बोलणंही ऐकलं.

त्या दिवशी ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलली.

"तुला मी बरी झालेली नकोय का?"

"मितू, ती बोली खोटी आहे गं. आपली नाहीये."

"तुझी खरी होती ना? मग ठेवायची होतीस घरात. मला एक शब्द दिला नाहीस तू. जिने दिला, तिच्या डोळ्यात औषध घालायला निघालीस."

किशोरराव मध्ये पडले आणि म्हणाले, दोघीही बरोबर आहात. त्यामुळे दोघीही त्यांच्यावर चिडल्या.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे लावून सजवलेली देवी चौरंगावर मांडतात, आणि सगळी भावकी त्या घरी जमते. मितालीने पडद्यावर कानबाई कितीदा बघितली होती. तिने स्वतःहून म्हटलं, यंदा आजीकडे जाऊया. हेमलताला वाटलं, खऱ्याच्या समोर उभी केली की खोटं आपोआप गळून पडेल. तिने रजा काढली.

सोनपाड्याला मितालीचं स्वागत भरघोस झालं. आजी देवकाबाईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मामा भटूने गाडीतून सामान उतरवलं, मामेभावंडं भोवती नाचली. हेमलताने आईशी बोलायला तोंड उघडलं आणि तिचा 'से' न अडखळता जागेवर येऊन बसला. बरेच दिवस घट्ट चप्पल घालून चालल्यावर पाय मोकळे करावेत, तसं तिला झालं. चुका काढणारं इथे कुणी नव्हतं.

दुपारी देवीपुढे रोटांची पंगत बसली. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू दळून हे रोट करतात. ते फक्त त्या कुळाने खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. मिताली आजीच्या शेजारी मांडी घालून बसली होती. पडद्यावर हे घडायचं तेव्हा आजी रोटाचा तुकडा मोडून नातीच्या तोंडात घालायची आणि म्हणायची, खाय वं मनी सोनी. त्या प्रसंगाला मितालीच्या बाहुल्या दरवेळी हलल्या असणार, कारण यंत्राने तो पुन्हा पुन्हा दाखवला होता.

देवकाबाईने तुकडा मोडला. मितालीने हात पुढे केला. म्हातारीचा हात थांबला.

"तुले नही चालत, माय," ती मायेनेच म्हणाली. "तू देवरेस्नी पोर. हाऊ रोट बोरसेस्ना से."

बोरसे हे हेमलताचं माहेर. लग्न झालेल्या लेकीलाही माहेरचा रोट नाही, मग नातीला कुठला. लग्नानंतर हेमलता श्रावणात कधी आलीच, तर एकटी यायची आणि या पंगतीत वाढायला उभी राहायची. आपण बसत नाही, हे तिला कधी खुपलं नव्हतं, म्हणून मुलीला सांगायचं सुचलंही नव्हतं. देवऱ्यांचा रोट मालेगावकडे चुलत घरी व्हायचा. तिथे शेताच्या वाटणीवरून किशोररावांनी जाणं-येणं तोडलं होतं. म्हणजे मितालीच्या वाट्याचा रोट पडद्यावर सोडून जगात कुठेच नव्हता.

मिताली रडवेलं हसून म्हणाली, "पन मी तर आपलीच शे ना, आजी?" शेवट तिने वर नेला, शिकली होती तसा.

मग भटूचा धाकटा म्हणाला, "टीव्हीवानी बोलस ती." आणि सगळे हसले. भटू हसला, भावजय हसली, देवकाबाईही पदर तोंडाला लावून हसली. त्यात वैर तिळभर नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनातही नव्हतं.

हेमलता वाढपाचं भांडं घेऊन उभी होती. तिला मुलीचा चेहरा दिसला. तो कसा बदलला हे सांगता येणार नाही, कारण तो बदललाच नाही. दिवा तसाच राहावा आणि फक्त वीज जावी, तसं झालं.

पुण्याला परतल्यावर मिताली कुणावर चिडली नाही. ती खोलीत गेली आणि पडदा लावला. कॉलेजचा गणवेश कपाटात गेला. ताट आत न्यावं लागे. पडद्यावर जेवण चाललेलं असेल तर ती त्यांच्याबरोबर खाई, नसेल तर ताट तसंच बाहेर येई. डॉ. गुप्ते म्हणाले, पडदा काढून घेण्याचा विचारसुद्धा करू नका, तेवढ्या एका ठिकाणी ती स्वतःला ओळखतेय. किशोररावांनी त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला विचारलं. त्याने ध्यान करायला सांगितलं.

हेमलता दाराबाहेर ताट घेऊन उभी राहायची. रोज थोडा वेळ, मग रोज बराच वेळ. आतून त्या दुसऱ्या बाईचा आवाज यायचा. ती नातेवाईक सांभाळायची, देवाचं करायची, आणि मुलीवर कधी खेकसायची नाही. हेमलता तिचं बोलणं ओठांतल्या ओठांत म्हणू लागली. पुण्यात आल्यावर सोसायटीतल्या बायकांचं बोलणंही तिने असंच उचललं होतं, त्यामुळे हात बसलेला होता. वाक्याचा शेवट वर न्यायचा. 'से' आलं की गिळायचं. आधी ते घशात अडके. पुढे पुढे अडकेना.

एक दिवस तिने दार लोटलं. "चाल वं, मनी सोनी. वरण-बट्टी करी शे. आठे बठीसन खाऊत."

मितालीने वळून पाहिलं. हेमलताने इतकी वर्षं लोकांचे डोळे बघितले होते, तिला यंत्राची गरज नव्हती. खिडकीतला उजेड तोच होता. दोघींमधलं अंतर तेच होतं. मुलीच्या बाहुल्या मोठ्या झाल्या.

"ऊ का, माय?" मिताली म्हणाली, आणि उठून बाहेर आली.

ती जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. हेमलताने स्वयंपाकघरात पाठ फिरवून डोळे पुसले. तिला आनंद झाला होता, आणि आपण कुणाच्या तरी साडीत उभं राहून हा सत्कार घेतोय असंही वाटत होतं. घरात आता दिवसभर ती बोली चाले. किशोररावांनाही दोन वाक्यं जमली. मिताली भाजी निवडायला बसू लागली. एकदा तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि ते ओझं हेमलताने पाय बधिर होईपर्यंत हलवलं नाही.

त्याच सुमारास कंपनीने खेड्यांकडे मोर्चा वळवला. सोनपाड्यात घरोघर फोन जाऊ लागले. यंत्रातली एक बाई त्याच गोड, वर चढणाऱ्या अहिराणीत 'स्वरूप' घ्या म्हणून गळ घाले. भटूने गावातल्या म्हाताऱ्यांना पढवून ठेवलं होतं, असला आवाज आला की दोन शब्दही बोलायचे नाहीत, फोन ठेवून द्यायचा.

रविवारी हेमलता आईला फोन करायची. नेहमी बाल्कनीत जाऊन, दार ओढून, सोनपाड्याच्या बोलीत. तेवढीच तिची घटकाभर जीभ मोकळी व्हायची. त्या रविवारी कानात इअरफोन घालून ती उठणार, तोच मिताली येऊन तिच्या मांडीवर आडवी झाली. म्हणाली, आठेच बोल ना, माय. मलेबी ऐकू दे तुनं बोलणं. पंगतीच्या दिवसानंतर आजीचं नाव निघेल असं तिने पहिल्यांदाच काही म्हटलं होतं.

हेमलताने नंबर लावला.

"हा, कोन?" देवकाबाईचा आवाज आला.

"मी वं माय, हेमी बोली राहिनी." शेवट वर गेला. मितालीने डोळे मिटून मान हलवली, सूर लागला की ऐकणारा हलवतो तशी. "मी बरी शे. तू कशी शे?"

पलीकडे म्हातारीने फोनपासून तोंड वळवलं असावं, कारण आवाज लांबून आला.

"भटू, त्या टीव्हीवाली बाईना फोन उना रे. आते तर नाव बी आपली हेमीनं सांगी राहिनी."

एका शब्दाचं, सोनपाड्याच्या एका 'से'चं काम होतं. तो शब्द हेमलताच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिला. तिने खाली पाहिलं. मितालीचं डोकं मांडीवर होतं, गाल पुन्हा भरू लागला होता, कपाळावरची आठी गेली होती, आणि तोंड किंचित उघडं होतं, ऐकताना लहानपणी असायचं तसं.

"ठेवी दे, माय," भटू दुरून म्हणाला.

फोन बंद झाला.

"काय म्हणस आजी?" मितालीने डोळे न उघडता विचारलं.

हेमलताने इअरफोन काढला नाही. मुलीच्या केसांतून हात फिरवत ती बंद फोनमध्ये बोलत राहिली. मिताली बरी शे, जेवस, तुनी खूप याद काढस. मधे मधे ती थांबे, पलीकडून कुणी काही सांगतंय असं ऐके, हसे, आणि पुन्हा शेवट वर नेऊन उत्तर देई.